मॅजिक द गॅदरिंग: कायमचे बोनस कसे चालतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने तो १९९३ मध्ये आणला. तेव्हापासून हजारो पत्ते आले आणि क्रीचरला, म्हणजे लढणाऱ्या पत्त्याला, बळ देण्याचे मार्गही वाढत गेले. नागपुरात चार जण कमांडर (या खेळाचा एक प्रकार, ज्यात प्रत्येकाचा एक प्रमुख क्रीचर असतो) खेळायला बसले की वाद पेटतो तो बहुधा इथेच: हा +१/+१ (पहिला आकडा पॉवर म्हणजे मारायचं बळ, दुसरा टफनेस म्हणजे सोसायचं बळ) टिकतो की जातो, आणि जातो तर नेमका केव्हा. टेबलावर जसे विचारले जातात तसेच प्रश्न खाली घेतले आहेत. पत्त्यांवर मराठी नसतंच, म्हणून पत्त्यांची नावं आणि नियमांतले शब्द मूळचेच ठेवले आहेत.

मुळात बोनस किती प्रकारचे असतात?

बोनस किती मोठा हे नंतर बघा. आधी एकच गोष्ट विचारा: हा बोनस धरून कोण बसलंय? उत्तर तीनपैकी एक असतं.

पहिलं, क्रीचरवर ठेवलेला काउंटर, म्हणजे खुणेचा फासा किंवा खडा. तो त्या क्रीचरचाच झाला. ज्या पत्त्याने काउंटर दिला तो नंतर मेला तरी काउंटर जागेवर राहतो.

दुसरं, टेबलावरचा दुसरा पत्ता. ग्लोरियस अँथमसारखं एन्चांटमेंट (टेबलावर राहणारी जादू; हे तुमच्या सगळ्या क्रीचरना +१/+१ देतं), क्रीचरला जोडलेलं एन्चांटमेंट म्हणजे ऑरा, क्रीचरला लावायचं हत्यार म्हणजे इक्विपमेंट, किंवा बाकीच्यांना बळ देणारा 'लॉर्ड' क्रीचर. तो पत्ता आहे तोवर बोनस आहे. पत्ता गेला की बोनस त्याच क्षणी संपतो, टर्न संपायची वाट बघत नाही.

तिसरं, चालून गेलेल्या स्पेलचा (टाकलेली जादू) किंवा अ‍ॅबिलिटीचा परिणाम. जायंट ग्रोथ हा स्पेल ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या आणि मेलेल्या पत्त्यांचा ढीग) गेला तरी त्याने दिलेला +३/+३ चालू असतो. किती वेळ ते पत्त्यावर लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर त्याला मुदत नाही.

पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न या तिघांत गल्लत झाल्यामुळे येतात.

क्रीचर एक्झाइल होऊन (खेळाबाहेर ठेवला जाऊन) लगेच परत आला. त्याच्यावरचे चार काउंटर कुठं गेले?

गेले. बॅटलफील्ड (टेबलावरची खेळाची जागा) सोडलं की काउंटर उरत नाहीत. परत आलेला पत्ता नियमाच्या दृष्टीने नवा आहे, जुन्या क्रीचरशी त्याचं काही नातं नाही. हाताकडे परतला, ग्रेव्हयार्डमधून उठवला, एक्झाइल करून त्याच सेकंदाला परत ठेवला, सगळीकडे हेच. जोडलेला ऑरा ग्रेव्हयार्डमध्ये जातो. इक्विपमेंट टेबलावर राहतं, फक्त सुटं होतं. कमांडर (तुमचा प्रमुख क्रीचर) कमांड झोनमध्ये, म्हणजे बॅटलफील्डबाहेरच्या राखीव जागेत, गेला तरी काउंटर जातात; पण त्याने कोणाला किती कॉम्बॅट डॅमेज दिलं याचा हिशेब पुसला जात नाही. तो २१ पर्यंत चालूच राहतो; ज्याला २१ बसले तो खेळाडू हरतो.

अपवाद पत्त्यावर लिहिलेलेच असतात. स्कलब्रायर, द वॉकिंग ग्रेव्ह हाताशिवाय आणि लायब्ररीशिवाय (ओढायची गड्डी) कुठल्याही झोनमध्ये गेला तरी काउंटर सोबत नेतो. एका मानाचा (माना म्हणजे पत्ते टाकण्यासाठी मोजायची ऊर्जा) द ओझोलिथ टेबलावर असेल तर तुमचा क्रीचर जाताना त्याच्यावर जे काउंटर होते ते ओझोलिथवर येतात, आणि तुमच्या कॉम्बॅटच्या सुरुवातीला ते सगळे एका क्रीचरवर हलवता येतात. काउंटरवर डेक बांधणाऱ्याने हा पत्ता जरूर घ्यावा. बोर्ड साफ झाला तरी गुंतवणूक वाचते.

मग काउंटर न जाता काय काय होऊ शकतं?

बरंच काही. क्रीचर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर काउंटर त्याच्याबरोबर जातात. फेस-डाउन पत्ता उलटला, दुतोंडी पत्ता ट्रान्सफॉर्म झाला, तरी काउंटर तसेच, कारण वस्तू तीच आहे. इथे एक फरक पाळा. 'ट्रान्सफॉर्म' एवढंच लिहिलं असेल तर काउंटर राहतात. 'एक्झाइल करून ट्रान्सफॉर्म झालेला परत आणा' असं असेल तर जातात.

फेझ आउट (पत्ता तात्पुरता नाहीच असं धरणं) म्हणजेही बॅटलफील्ड सोडणं नव्हे. टेफेरीज प्रोटेक्शनने सगळं फेझ आउट झालं तर काउंटर, ऑरा, इक्विपमेंट जसंच्या तसं परत येतं. टोकनसुद्धा (डेकमधला पत्ता नसलेले, खुणेने दाखवलेले क्रीचर) परत येतात, जे एक्झाइलमधून कधीच परतत नाहीत.

अँथम आधी ठेवलं आणि क्रीचर नंतर आला. त्याला बोनस मिळतो का?

मिळतो. टेबलावरच्या पत्त्याचा स्टॅटिक बोनस सतत लागू असतो: आत्ता जे क्रीचर तुमचे आहेत त्या सगळ्यांना. नवा आला की त्याला लगेच मिळतो. एखादा चोरीला गेला की त्याचा लगेच थांबतो. स्टॅकवर (चालण्याची वाट बघणाऱ्या स्पेलचा ढीग) काही जात नाही, कोणी 'थांब, रिस्पॉन्स देतो' म्हणू शकत नाही.

ओव्हररनसारखा स्पेल वेगळा. तो चालला त्या क्षणी जे क्रीचर बॅटलफील्डवर होते त्यांनाच +३/+३ आणि ट्रॅम्पल (ब्लॉकरला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला बसतं). त्याच टर्नमध्ये नंतर आलेल्या टोकनला काही नाही.

आकडा बदलणाऱ्या बोनसमध्येही हाच फरक. ब्लँचवुड आर्मर हा ऑरा तुमच्या प्रत्येक फॉरेस्टमागे (माना देणारा जमिनीचा पत्ता) +१/+१ देतो. फॉरेस्ट वाढलं की बोनस वाढतो, फॉरेस्ट फुटलं की कमी होतो, मग कॉम्बॅट अर्ध्यावर असलं तरी. क्रेटरहूफ बेहेमथ आला की तुमच्या क्रीचरना +एक्स/+एक्स मिळतं, आणि एक्स म्हणजे तुमच्या क्रीचरची संख्या. पण ही मोजणी त्याची अ‍ॅबिलिटी चालताना एकदाच होते. सहा होते म्हणून +६/+६ मिळालं आणि नंतर दोन मेले, तरी बाकीच्यांचा +६/+६ कायम. म्हणजे समोरच्याला आकडा खाली आणायचा असेल तर त्याने ट्रिगर (आपोआप सुरू झालेली ही अ‍ॅबिलिटी) स्टॅकवर असतानाच क्रीचर मारायला हवेत. एकदा तो चालला की उशीर झाला.

लॉर्ड मेला, ठीक आहे. पण बाकीचे काहून मेले?

हा प्रसंग हळूहळू बघण्यासारखा आहे. बेनालिश मार्शल ३/३ आहे आणि तुमच्या इतर क्रीचरना +१/+१ देतो. शेजारी १/१ सोल्जर टोकन, म्हणजे आत्ता २/२. दोघांनी ब्लॉक केलं. मार्शलला ३ डॅमेज बसलं, सोल्जरला १.

डॅमेज एकाच वेळी बसतं. त्यानंतर स्टेट-बेस्ड अ‍ॅक्शन तपासल्या जातात, म्हणजे कोण मेला वगैरे नियम आपोआप लावले जातात. पहिल्या फेरीत मार्शलचा टफनेस ३, डॅमेज ३, तो जातो. सोल्जर त्या क्षणी २/२ आहे आणि डॅमेज १, तो वाचतो. पण काहीही मरलं की तपासणी पुन्हा होते. दुसऱ्या फेरीत मार्शल नाही, सोल्जर १/१ झाला, आणि मघाचं १ डॅमेज अजून अंगावर आहे. तोही जातो. मध्ये कोणाला काही खेळायची संधी मिळत नाही.

डॅमेज टर्न संपेपर्यंत क्रीचरवर राहतं, हे विसरल्यानेच लोक इथे फसतात. अँथमचंही तसंच: कॉम्बॅटनंतर समोरच्याने अँथम फोडलं तर जखमी क्रीचर एकापाठोपाठ पडतात.

इक्विपमेंट दुसऱ्याला लावलं आणि पहिला मेला. असं होतं का?

होतं, आणि ते आपल्याच हाताने होतं. वल्शॉक मॉर्निंगस्टार +२/+२ देतं, इक्विप करायला २ माना. २/२ क्रीचर त्यामुळे ४/४ होऊन लढला, ३ डॅमेज घेऊन वाचला. मग दुसऱ्या मेन फेजमध्ये (कॉम्बॅटनंतरचा पत्ते टाकायचा टप्पा) मॉर्निंगस्टार दुसऱ्याला लावलं. पहिला पुन्हा २/२, डॅमेज ३, ग्रेव्हयार्ड. इक्विपमेंट हलवण्याआधी जुन्या मालकाच्या अंगावर किती डॅमेज आहे ते मोजा. शक्यतो पुढच्या टर्नमध्ये हलवा.

क्रीचर चोरीला गेला तर इक्विपमेंटचं काय, हेही विचारलं जातं. ते त्याच्या अंगावरच राहतं आणि चोरणाऱ्यालाही बोनस देतं, कारण 'इक्विप्ड क्रीचर' असं लिहिलेलं असतं, 'तुमचा क्रीचर' असं नाही. पण इक्विपमेंट तुमच्याच ताब्यात आहे. तुमच्या टर्नमध्ये, मेन फेजला, स्टॅक रिकामा असताना ते ओढून आपल्या दुसऱ्या क्रीचरला लावा.

ऑरा लावताना क्रीचर मारला. ऑरा हाताकडे येतो का?

नाही. टार्गेट गेलं तर ऑरा बॅटलफील्डवर न येताच ग्रेव्हयार्डमध्ये जातो. एका पत्त्याने तुमचे दोन गेले. रँकर हा ऑरा वापरणारेही इथे फसतात. रँकर 'बॅटलफील्डवरून ग्रेव्हयार्डमध्ये गेला' तर हाताकडे परततो. स्टॅकवरून गेला तर नाही. म्हणून समोरच्याचे माना शिल्लक असतील तर रँकरसुद्धा फुकटात वाचेल असं धरू नका.

बेस्टोचे पत्ते (ऑरा म्हणूनही टाकता येणारे क्रीचर) याबाबत बरे. २०१३ च्या थेरोस या संचात ते आले. टार्गेट मेलं तर ते स्वतःच क्रीचर म्हणून येतात, आणि नंतर ज्याला जोडले तो मेला तरी क्रीचर होऊन उरतात.

मी तर +३ देऊन राहिलो होतो, तरी माझा क्रीचर बोल्टने मेला. असं कसं?

क्रम उलटा झाला. स्टॅकवर शेवटी आलेलं आधी चालतं. तुमचा क्रीचर ३/३, तुम्ही जायंट ग्रोथ टाकला. त्याला उत्तर म्हणून समोरच्याने लाइटनिंग बोल्ट टाकला. बोल्ट आधी चालतो, ३ डॅमेज, क्रीचर मेला. जायंट ग्रोथला टार्गेटच उरलं नाही, तो काही न करता ग्रेव्हयार्डमध्ये.

उलट बोल्ट आधी आला आणि तुम्ही ग्रोथने उत्तर दिलं, तर क्रीचर ६/६ होतो आणि ३ डॅमेज पचवतो. काउंटर देणाऱ्या स्पेललाही हाच नियम लागू. बळ देणारा इन्स्टंट (केव्हाही टाकता येणारा स्पेल) हातात असेल तर समोरच्याला आधी हात टाकू द्या. अँथमसारखा पत्ता मात्र सहसा तुमच्या मेन फेजलाच टाकता येतो, त्यामुळे त्याचा उपयोग असा बचावासाठी होत नाही.

टर्न संपताना +३/+३ गेला आणि ५ डॅमेज अंगावर होतं. क्रीचर मरतो का?

नाही. 'टर्न संपेपर्यंत'चे परिणाम आणि डॅमेज दोन्ही क्लीनअप स्टेपमध्ये (टर्नची अगदी शेवटची पायरी) एकाच वेळी जातात. मधली फट नसते. एंड स्टेपला जे ट्रिगर होतं त्या वेळी बोनस अजून चालू असतो, कारण क्लीनअप त्याच्या नंतर येतं. एंड स्टेपला पॉवर मोजणारा पत्ता असेल तर वाढलेली पॉवरच मोजा.

टर्न टू फ्रॉग (टर्नपुरता क्रीचरचा १/१ बेडूक करणारा स्पेल) लावल्यावर माझा मोठा क्रीचर १/१ होतो ना? मग काउंटरचं काय?

काउंटर मोजायचेच. पॉवर-टफनेस मोजण्याचा ठरलेला क्रम आहे, आणि कोणता पत्ता कधी खेळला याने तो बदलत नाही:

१. पत्त्यावर छापलेला आकडा (किंवा पत्ता स्वतःच आकडा मोजून सांगत असेल तर तो).
२. 'बेस पॉवर-टफनेस अमुक होतो' असं ठरवणारे परिणाम. बेडूक इथे येतो.
३. मिळवायचं आणि वजा करायचं: सगळे काउंटर, अँथम, ऑरा, इक्विपमेंट, जायंट ग्रोथ.
४. पॉवर आणि टफनेसची अदलाबदल.

५/५ क्रीचरवर दोन +१/+१ काउंटर आणि टेबलावर अँथम. बेडूक झाल्यावर तो १/१ नाही. १ अधिक २ अधिक १, म्हणजे ४/४. बेडकाआधी जायंट ग्रोथ टाकला असेल तरी तोही पायरी ३ मध्ये मिळतो आणि क्रीचर ७/७. बेडकाने त्याच्या अ‍ॅबिलिटी मात्र जातात. म्हणून बेनालिश मार्शललाच बेडूक केला तर त्याने इतरांना दिलेला +१/+१ त्या टर्नपुरता बंद.

पायरी ४ मुळे एक चमत्कारिक गोष्ट होते. १/४ क्रीचरवर ट्विस्टेड इमेज टाकला की ४/१. त्यानंतर +२/+० दिला तर पॉवर वाढत नाही, टफनेस वाढतो. आधी १/४ चं ३/४ होतं, मग अदलाबदल होऊन ४/३. अदलाबदल नेहमी सगळ्यात शेवटी.

क्लोनने काउंटरवाल्या क्रीचरची नक्कल केली. काउंटरही येतात का?

नाही. नक्कल छापलेल्या गोष्टींची होते. काउंटर, ऑरा, अँथम, जायंट ग्रोथ यातलं काही उचललं जात नाही. याचा सर्वांत महाग फटका वॉकिंग बॅलिस्टावर बसतो. तो स्वतः ०/० आहे आणि एक्स +१/+१ काउंटर घेऊन येतो; एक्स म्हणजे टाकताना तुम्ही निवडलेला आकडा. क्लोनसाठी एक्स शून्य, म्हणजे काउंटर शून्य, टफनेस शून्य, आला तसा मेला. अँथम टेबलावर असेल तरच तो १/१ म्हणून जगतो.

+१/+१ आणि -१/-१ काउंटर एकाच क्रीचरवर आले तर?

जोड्या जुळवून दोन्ही काढून टाका. तीन +१/+१ वर एक -१/-१ आला तर दोन +१/+१ उरतात. हे फक्त काउंटरबाबत. टर्नपुरता -१/-१ देणारा स्पेल काउंटर खात नाही.

पर्सिस्ट आणि अनडाइंग यांच्या डेकमध्ये यावरच सगळा खेळ उभा असतो. पर्सिस्टवाला मेल्यावर -१/-१ काउंटर घेऊन परत येतो, पण मरताना त्याच्यावर -१/-१ नसला तरच. परत आल्यावर त्याला एक +१/+१ दिला की दोन्ही कटतात आणि तो पुन्हा मरायला मोकळा. अनडाइंगमध्ये हेच +१/+१ ने होतं.

इथे बारकावा आहे. अनडाइंगचा १/१ क्रीचर +१/+१ घेऊन २/२ आहे. त्यावर दोन -१/-१ काउंटर टाकले. टफनेस शून्य झाला. काउंटर कटणं आणि क्रीचर मरणं एकाच फेरीत होतं, त्यामुळे मरताना त्याच्यावर +१/+१ होताच. तो परत येत नाही. एकच -१/-१ टाकला असता तर काउंटर कटून तो १/१ राहिला असता आणि पुढच्या वेळी मेल्यावर परतला असता. अनडाइंग मारायचा असेल तर अर्धवट मारू नका.

आणि टफनेस शून्य झाला की इनडिस्ट्रक्टिबल ('नष्ट होत नाही' ही क्षमता) असणंही वाचवत नाही. तिथे 'नष्ट' होणं नसतंच, पत्ता थेट ग्रेव्हयार्डमध्ये जातो.

हार्डन्ड स्केल्स आणि डबलिंग सीझन दोन्ही आहेत. एका काउंटरचे किती?

चार. हार्डन्ड स्केल्स 'जितके येणार त्यात एक जास्त' करतं, डबलिंग सीझन दुप्पट करतं. दोन्ही लागू असतील तर ज्याच्या ताब्यात क्रीचर आहे तो क्रम ठरवतो. आधी स्केल्स: १ चे २, मग दुप्पट, ४. उलट केलं तर १ चे २, अधिक १, फक्त ३. आधी बेरीज, मग गुणाकार, हेच नेहमी फायद्याचं. दोन डबलिंग सीझन म्हणजे चौपट. दोन स्केल्स म्हणजे अधिक दोन.

शून्याला दोघंही हात लावत नाहीत. एक्स शून्य ठेवून आणलेल्या हायड्रावर (एक्स काउंटर घेऊन येणारा क्रीचर) एकही काउंटर येणार नव्हता, म्हणून स्केल्स एक जास्त देणार नाही.

प्लेन्सवॉकरबद्दल (लॉयल्टी काउंटर वाढवून-घटवून अ‍ॅबिलिटी वापरणारा पत्ता) नीट लक्षात घ्या. डबलिंग सीझन परिणामाने येणारे काउंटर दुप्पट करतं, किंमत म्हणून ठेवलेले नाही. म्हणून प्लेन्सवॉकर दुप्पट लॉयल्टी घेऊन येतो, पण +१ अ‍ॅबिलिटी वापरताना एकच काउंटर चढतो. एल्स्पेथ, सन्स चॅम्पियन ४ लॉयल्टीची आहे. सीझन असेल तर ८ घेऊन येते आणि त्याच टर्नला तिचं -७ (एम्ब्लेम देणारी अ‍ॅबिलिटी) वापरता येतं. समोर डबलिंग सीझन दिसलं की ते पुढच्या टर्नपर्यंत जगू देऊ नका.

एल्स्पेथच्या एम्ब्लेमने मिळालेला बोनस कसा काढायचा?

काढता येत नाही. तिचं एम्ब्लेम तुमच्या क्रीचरना +२/+२ आणि फ्लाइंग देतं. एम्ब्लेम कमांड झोनमध्ये असतं, तो पर्मनंट (बॅटलफील्डवरचा पत्ता) नाही, त्याला नष्ट करणं किंवा एक्झाइल करणं शक्य नाही. एल्स्पेथ नंतर मेली तरी एम्ब्लेम डाव संपेपर्यंत राहतं. क्रीचर मारत राहणं किंवा त्या खेळाडूला आधी संपवणं, एवढेच उपाय.

मुदत लिहिलेलीच नाही असा परिणाम कधी संपतो?

डाव संपला की, किंवा क्रीचर बॅटलफील्डवरून गेला की. फिगर ऑफ डेस्टिनी हे चांगलं उदाहरण. एक माना दिला की २/२, मग तीन दिले की ४/४, मग सहा दिले की ८/८ आणि फ्लाइंग, फर्स्ट स्ट्राइक. कुठेही 'टर्न संपेपर्यंत' नाही, म्हणून जो झाला तो तसाच राहतो. पण ८/८ झाल्यावर चुकून पहिली अ‍ॅबिलिटी पुन्हा वापरली तर बेस पुन्हा २/२ होतो. शेवटी आलेला परिणाम जिंकतो. यात काउंटर नसतो, त्यामुळे टेबलावर दिसण्यासाठी शेजारी एखादी चिठ्ठी ठेवा.

अरीनावर (या खेळाची डिजिटल आवृत्ती) 'पर्पेच्युअली' लिहिलेलं असतं, ते काय?

ते फक्त डिजिटल खेळात आहे, २०२१ पासून. तिथला बोनस पत्त्याबरोबर हातात, लायब्ररीत, ग्रेव्हयार्डमध्ये सगळीकडे जातो. कागदी पत्त्यांत तसं काही नाही. अरीनावर शिकून टेबलावर आलेले नवे खेळाडू 'माझा पत्ता हातातही ४/४ आहे' म्हणतात, त्यांना हे आधीच सांगून टाका.

प्रोलिफरेटने कोणते काउंटर वाढतात?

ज्या पर्मनंटवर किंवा खेळाडूवर आधीच काउंटर आहे ते तुम्ही निवडता, हवे तितके. निवडलेल्या प्रत्येकावर असलेल्या प्रत्येक प्रकारचा एकेक वाढतो. समोरच्याच्या क्रीचरवर -१/-१ असेल तर तोही निवडा. पॉयझन काउंटर असलेला खेळाडूही निवडता येतो, दहा झाले की तो हरला.

प्रोटेक्शन दिल्यावर कोणते बोनस गळतात?

पांढऱ्या रंगापासून प्रोटेक्शन मिळालं की पांढरा ऑरा पडतो. पांढरा अँथम मात्र चालू राहतो, कारण तो ना जोडलेला आहे ना टार्गेट करतो. काउंटर तर कोणत्याही रंगाच्या पत्त्याने दिलेले असोत, राहतातच. श्राउड (कोणालाच टार्गेट करता न येणं) असलेल्या क्रीचरला तुम्हालाही इक्विपमेंट लावता येत नाही. आधीच लागलेलं असेल तर ते सुटत नाही.

बोनस मोजायला विसरलो तर?

स्टॅटिक बोनस विसरता येत नाही. अँथम कोणाच्या लक्षात नव्हतं म्हणून क्रीचर ग्रेव्हयार्डमध्ये ठेवला, तर तो चुकीने ठेवला. परत आणा. काउंटर देणारा ट्रिगर विसरला असेल तर घरच्या खेळात आमचं मत साधं आहे: त्या काउंटरवर विसंबून कोणी हल्ला, ब्लॉक किंवा स्पेल ठरवला नसेल तर ठेवून टाका. ठरवला असेल तर सोडून द्या.

काउंटर दाखवायला काय वापरावं?

लहान सहा बाजूंचे फासे, दोन रंगांत. +१/+१ साठी एक रंग, -१/-१ साठी दुसरा, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगून. वीस बाजूंचा फासा काउंटरसाठी नको. पत्ता टॅप करताना (वापरला म्हणून आडवा फिरवताना) तो घरंगळतो आणि आकडा कोणालाच आठवत नाही. फासा पत्त्याच्या चित्रावर ठेवा, मजकुरावर नाही. टॅप करताना आधी फासा उचला, पत्ता फिरवा, मग ठेवा. तीन-चार काउंटरपर्यंत चिंचोके उत्तम: घरंगळत नाहीत, वाऱ्याने उडत नाहीत, आणि एक उचलला की एक कमी झाला हे दिसतं. फिशटँकमध्ये टाकायचे काचेचे चपटे खडेही चालतात. फ्लाइंग, फर्स्ट स्ट्राइक असे कीवर्ड काउंटर २०२० च्या इकोरिया या संचापासून आहेत. त्यांच्यासाठी कागदाचे तुकडे कापून नाव लिहून ठेवा, खड्यांत मिसळू नका.

मे महिन्यात कूलरसमोर टेबल मांडू नका. ओल्या हवेत फॉइल पत्ते वाकतात, कारण कागदाचा थर ओल धरतो आणि वरचा चमकदार थर धरत नाही. वाकलेल्या पत्त्यावरून फासे घसरतात, आणि डेकमध्ये तो पत्ता न बघताही ओळखू येतो, जे नियमात बसत नाही. फॉइल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

चार जणांच्या डावातून एक जण बाहेर पडला. त्याने दिलेले बोनस?

त्याच्या मालकीचे सगळे पत्ते आणि एम्ब्लेम त्याच्याबरोबर जातात. त्याने तुमच्या क्रीचरला लावलेला ऑराही. त्याच्या क्रीचरवर तुमचा ऑरा असेल तर क्रीचर गेल्यामुळे तो तुमच्या ग्रेव्हयार्डमध्ये येतो, तुमचं इक्विपमेंट सुटं होऊन टेबलावर उरतं. पण त्याने तुमच्या क्रीचरवर ठेवलेले काउंटर राहतात. त्याच टर्नला त्याने तुम्हाला जायंट ग्रोथ दिला असेल तर तोही टर्न संपेपर्यंत चालतो. फासे त्याचे असतील तर ते परत द्या, आणि त्याआधी आपल्या फाशांवर आकडे लावून घ्या.